प्रस्तावना : शेकडा पाचचा चढ

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या सीमेवर, कोलंबिया नदी कॅस्केड पर्वतरांग आरपार कापत समुद्राकडे जाते. ही घळई सुमारे ८० मैल लांब आहे आणि काही ठिकाणी तिची खोली चार हजार फुटांपर्यंत जाते. नदीच्या दक्षिण काठावर, म्हणजे ऑरेगनच्या बाजूला, नव्वदहून अधिक धबधबे आहेत. पोर्टलंडच्या पश्चिमेला बीव्हर्टन किंवा हिल्सबरोला मुलाकडे-मुलीकडे सहा महिने राहून आलेल्या मराठी आईवडिलांच्या फोनमध्ये त्यांतल्या एकाचा, मल्टनोमाचा, फोटो हटकून असतो. मागे दोन टप्प्यांत ६२० फूट कोसळणारे पाणी, मध्ये काँक्रीटचा नाजूक पूल, पुढे जॅकेट घातलेले काका-काकू. गाडी लावली, पुलापर्यंत चढून गेले, फोटो काढला, खाली येऊन कॉफी घेतली आणि अंधारायच्या आत घरी.

त्या पार्किंगच्या अलीकडे आणि पलीकडे काय आहे ते हे पुस्तक सांगते, आणि सायकलवरून सांगते. लेखिकेने मला प्रस्तावना लिहायला सांगितली त्याला दोन कारणे असावीत. मी पुण्यात सायकलवर वाढलो, आणि पुढे उभी नोकरी रस्त्यांच्या कामात काढली. पुस्तक वाचताना यातले दुसरे कारणच मला जास्त उपयोगी पडले. घळई, जंगल आणि धबधबे निसर्गाने केले खरे. पण ते सायकलवरून बघता येतात ते कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी चढाचा एक आकडा ठरवला आणि पाळला म्हणून. आणि तो रस्ता आज सायकलवाल्यांच्या वाट्याला आला आहे तो मोटारींनी टाकून दिला म्हणून.

आधी या विषयाचा पसारा. हौसेखातर सायकलने गावोगाव फिरणे ही रीत जवळजवळ सायकलइतकीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये सायकल-प्रवाशांचा क्लब १८७८ साली निघाला, तेव्हा आज आपण चालवतो तशी दोन सारख्या चाकांची सायकल बाजारात यायचीच होती. फ्रान्समध्ये सेंत-एतिएनच्या पॉल द व्हिवी यांनी १८८७ मध्ये सायकलींसाठी एक मासिक काढले. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या या माणसाने आयुष्यभर एकच हट्ट धरला : डोंगरात जायचे तर गिअर पाहिजेत. शर्यतवाल्यांना गिअर म्हणजे कमीपणा वाटे. तूर द फ्रान्समध्ये साखळी सरकवणारे गिअर १९३७ पर्यंत चालत नसत. प्रवासी सायकलवाले आणि शर्यतवाले यांची वाट वेगळी झाली ती बऱ्याच अंशी या भांडणातून, असे मला वाटते. ज्याला वाटेत थांबून धबधबा बघायचा आहे, त्याला गिअरची लाज वाटायचे कारण नसते.

पुढे प्रवाशांतही पंथ पडले. पहिला जगप्रदक्षिणावाल्यांचा. त्यात आपला वाटा मोठा आहे आणि आपल्याला तो फारसा ठाऊक नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जग पाहायला निघाले. त्यांतले आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये ४४,००० मैल तोडून मुंबईला परतले. दुसरा पंथ ब्रेवेवाल्यांचा : दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटर ठरल्या वेळेत पार करायचे, कार्डावर शिक्के घ्यायचे आणि शेवटी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचे १,२०० किलोमीटर गाठायचे. महाराष्ट्रात आज हौशी सायकलिंग म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हेच येते. पहाटे चारला महामार्गावर लाल दिवे लुकलुकताना दिसतात ते या मंडळींचे. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण रात्री दोनला घाट उतरताना त्यांनी दरी कधी पाहिली, हा प्रश्नही पडतो. तिसरा पंथ अलीकडचा, जाड टायर लावून कच्च्या वाटांनी जाणारा, तंबू सायकलच्या सांगाड्यालाच बांधणारा.

या पुस्तकाचा विषय चौथा आहे, आणि त्याला धड नावही नाही. एखादा देखणा मुलूख निवडायचा, दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटरच जायचे, संध्याकाळी गावात मुक्काम करायचा. १९७६ मध्ये अमेरिकेच्या द्विशतसांवत्सरिक वर्षी ऑरेगनच्या किनाऱ्यापासून व्हर्जिनियापर्यंत सुमारे ४,२५० मैलांचा सायकल-मार्ग आखला गेला आणि हजारो लोक तो चालवायला उतरले. साध्या माणसांनी, साध्या सायकलींवर, लहान गावांतून जावे ही कल्पना तिकडे खरी रुजली ती तेव्हापासून. ऑरेगनने त्याआधीच, १९७१ मध्ये, रस्त्यांच्या निधीतला किमान एक टक्का पायी चालणाऱ्यांवर आणि सायकलींवर खर्च करायचा असा कायदा केला होता. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. ज्याने रस्त्याचे अंदाजपत्रक हातात धरले आहे, त्याला तो किरकोळ वाटणार नाही.

नदीच्या घळईतून सायकल नेण्याचे जगात तीन-चारच प्रकार आहेत, आणि जवळजवळ सगळे दुसऱ्याने सोडलेल्या वाटेवर उभे आहेत. डॅन्यूब नदीच्या काठाने पासाउपासून व्हिएन्नापर्यंतचा प्रसिद्ध मार्ग बराचसा त्या वाटेने जातो जिथून पूर्वी घोडे नावा ओढत नेत. पेनसिल्व्हेनियातल्या पाइन क्रीक घळईत बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून ६२ मैलांची वाट झाली आहे. रेल्वेला चढ सोसत नाही, त्यामुळे तिथे आजोबा आणि नातू दोघेही न दमता जातात. त्याच राज्यातल्या यॉकोगेनी नदीकाठची वाटही जुन्या रेल्वेचीच. ती पुढे कालव्याकाठच्या घोडेवाटेला मिळून थेट वॉशिंग्टन शहरात उतरते. तैवानच्या तारोको घळईची तऱ्हा वेगळी. तिथे समुद्रापासून ३,२७५ मीटरपर्यंत चढणारी शर्यतच भरते, रस्ता वाहता आहे, आणि एप्रिल २०२४ च्या भूकंपाने त्या घळईची दैना केली. कोलंबियाचा रस्ता यांपैकी कशातच बसत नाही. तो मुद्दाम देखावा दाखवण्यासाठी बांधलेला मोटाररस्ता होता.

रस्त्याकडे वळण्याआधी दगडाबद्दल दोन शब्द, कारण मराठी वाचकाला तिथे परके वाटणार नाही ते दगडामुळेच. घळईच्या भिंती बेसाल्टच्या आहेत, आपल्या सह्याद्रीसारख्याच थरांवर थर. आपला दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यांचा बराचसा दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचा, एवढाच फरक. लाटूरेल धबधब्याच्या मागे दगडाचे उभे षट्कोनी खांब दिसतात आणि त्यांवर पिवळेधमक दगडफूल चढलेले असते. कोल्हापूरजवळ किंवा मुंबईत गिल्बर्ट हिलला असले खांब पाहिलेल्या माणसाला ओळखीचे कुणी भेटल्यासारखे वाटावे.

धबधबे एवढे का, याचे उत्तर मात्र आपल्याकडे नाही. शेवटच्या हिमयुगात, साधारण पंधरा हजार वर्षांपूर्वी, मोंटानातल्या एका प्रचंड तळ्याला अडवणारा बर्फाचा बांध पुन्हा पुन्हा फुटला आणि दर वेळी शेकडो फूट उंचीचा लोंढा या घळईतून गेला. त्याने मुख्य दरीचे काठ उभे तासून टाकले. बाजूच्या ओढ्यांचे तळ वरच राहिले. ते आता कड्यावरून उडी घेतात. जे हार्लन ब्रेट्झ या भूवैज्ञानिकाने १९२३ पासून हे सांगायला सुरुवात केली तेव्हा तज्ज्ञांनी त्याला उडवून लावले. १९७९ मध्ये त्याला त्याच्या शास्त्रातला मोठा सन्मान मिळाला, तेव्हा तो ९६ वर्षांचा होता.

पावसाचीही गंमत आपल्या ओळखीची आहे. धबधब्यांच्या पट्ट्यात वर्षाला जवळजवळ १,९०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून सायकलने एका दिवसाच्या अंतरावर, पूर्व टोकाच्या द डॅल्स गावी, जेमतेम ३५०. महाबळेश्वरहून निघून माणदेशात उतरावे तसे : शेवाळलेली फरची झाडे संपतात, विरळ ओक सुरू होतात, मग नुसते पिवळे गवत. मोटारीतून हा बदल तासाभरात सरकून जातो. सायकलवर तो अंगाला कळतो, आधी गारवा जातो, मग ओठ सुकतात.

आता रस्ता. सॅम हिल नावाचा एक श्रीमंत, हेकट, रस्त्यांचे वेड लागलेला माणूस आणि सॅम्युएल लँकेस्टर नावाचा अभियंता १९०८ मध्ये पॅरिसच्या रस्ते परिषदेला गेले. तिथून त्यांनी ऱ्हाइनचे खोरे पाहिले, स्वित्झर्लंडमध्ये सरोवराच्या कड्यात खोदलेला आक्सेनस्ट्रासे पाहिला. परत आल्यावर लँकेस्टरने ट्रूटडेलपासून द डॅल्सपर्यंत ७४ मैलांचा रस्ता आखायला घेतला. काम १९१३ ते १९२२ चालले. त्याने स्वतःला घातलेले नियम असे : चढ शेकडा पाचपेक्षा जास्त नाही, वळणाची त्रिज्या शंभर फुटांपेक्षा कमी नाही, रुंदी २४ फूट, आणि एकही मोठा धबधबा चुकवायचा नाही.

शेकडा पाच म्हणजे एक मीटर वर जायला वीस मीटर वाट. आपल्या डोंगरी रस्त्यांच्या नियमपुस्तकातही हाच आकडा आहे. प्रत्यक्ष घाटात तो किती पाळला जातो ते पायडल मारणाऱ्याला विचारावे. लँकेस्टरला तो पाळावा लागला कारण त्याच्या काळच्या मोटारींची इंजिने दुबळी होती. क्राउन पॉइंटचा कडा नदीपासून ७३३ फूट उंच आहे. तिथून लाटूरेलपर्यंत रस्ता खाली आणताना त्याने सरळ उतार घेतला नाही, डोंगराच्या एका लहानशा तुकड्यावर इंग्रजी आठाच्या आकाराचे वेटोळे एकात एक बसवले. लेखिका सांगतात की हा उतार उतरताना ब्रेकवर बोट ठेवावे लागते पण आवळावा लागत नाही. अभियंत्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र मी कुठे वाचलेले नाही. दुबळ्या इंजिनासाठी जे केले ते शंभर वर्षांनी माणसाच्या पायांना बेतल्यासारखे बसले.

कठड्याच्या भिंती इटालियन गवंड्यांनी बांधल्या. त्यांत कमानी ठेवल्या आहेत, पाणी जायला आणि नजर जायलाही. सायकलवर बसलेल्या माणसाची नजर नेमकी कठड्याच्या वर येते. मल्टनोमा आणि वाकीना धबधब्यांभोवतीची जमीन सायमन बेन्सन या लाकडाच्या व्यापाऱ्याने दान केली. फोटोतला तो पूलही त्याच्याच नावाचा. क्राउन पॉइंटवरचे व्हिस्टा हाउस १९१८ मध्ये पुरे झाले. प्रवाशांच्या विसाव्यासाठी बांधलेल्या इतक्या दिमाखदार इमारती थोड्याच असतील.

आणि मग मोटारी सशक्त झाल्या, त्यांना घाई झाली. नदीच्या काठाने सपाट, सरळ नवा महामार्ग आला, तोच आजचा आंतरराज्य ८४ क्रमांकाचा. जुना रस्ता तुकड्यातुकड्यांनी बंद पडला. मिचेल पॉइंटचा बोगदा १९१५ चा, कड्यात पाच खिडक्या कोरलेला. तो १९५३ मध्ये बंद झाला आणि १९६६ मध्ये महामार्ग रुंद करण्यासाठी सुरुंग लावून उडवला. मोझिअरचे जुळे बोगदे दगडमाती भरून बुजवले. रस्त्याचा बोगदा बुजवताना मनात काय येते ते मी सांगू शकत नाही. सुदैवाने ते काम माझ्या वाट्याला आले नाही.

१९८६ मध्ये या घळईला राष्ट्रीय निसर्गदृश्य क्षेत्राचा दर्जा देणारा कायदा झाला. त्यातच जुना रस्ता दुरुस्त करून त्याचे तुटलेले तुकडे जोडायची तरतूद होती. जिथे रस्ता उरला होता तिथे तो मोटारींसह चालू राहिला. जिथे तुटला होता तिथे फक्त पायी आणि सायकलींसाठी वाट झाली. मोझिअरचे बोगदे उपसून २००० मध्ये खुले झाले. आत भिंतीवर १९२१ च्या नोव्हेंबरात आठ-नऊ दिवस बर्फात अडकलेल्या प्रवाशांनी कोरलेली नावे आणि तारखा आहेत. सायकल भिंतीला टेकवून बोटाने चाचपता येतात. ईगल क्रीकजवळ उंचीचा फरक इतका आहे की तिथे उतार न करता जिना केला आणि पायऱ्यांच्या कडेने सायकलचे चाक घालायला पन्हळ ठेवली. भरलेली सायकल त्या पन्हळीतून उतरवताना ती आपल्यालाच ओढून नेते, हे लेखिकेचे वर्णन वाचून मला मनापासून हसू आले. मिचेल पॉइंटला २०२५ मध्ये नवा बोगदा झाला, पुन्हा पाच खिडक्यांचा, आणि या वेळी मोटारींना मज्जाव. आता हूड रिव्हर गावाच्या अलीकडचे थोडेच मैल जोडायचे राहिले आहेत.

हा विषय आज का महत्त्वाचा, याची कारणे सगळीच आनंदाची नाहीत. २ सप्टेंबर २०१७ रोजी एका पंधरा वर्षांच्या मुलाने ईगल क्रीकच्या दरीत फटाका फेकला. जवळजवळ पन्नास हजार एकर जंगलाला आग लागली, ठिणग्या रुंद नदी ओलांडून वॉशिंग्टनच्या काठावर पडल्या. झाडे गेल्यावर दरडी सैल झाल्या आणि धबधब्यांचा रस्ता वर्षभराहून अधिक बंद राहिला. दुसरीकडे गर्दी. मोटारींची इतकी झुंबड उडायला लागली की २०२२ च्या उन्हाळ्यात धबधब्यांच्या पट्ट्यात शिरायला वेळ ठरवून परवाना घ्यावा लागला. सायकलला तो लागत नव्हता. विजेच्या सायकलीही आता भाड्याने मिळतात. सत्तरीतल्या आईवडिलांना मुले पार्किंगच्या पुढे नेऊ शकतात ती त्यांच्यामुळे. जुन्या सायकलवाल्यांची नाके मुरडतात. मुरडू देत. गिअर आले तेव्हाही मुरडली होती.

लेखिकेने जे योजले आहे ते साधे आहे. नवख्या माणसाने, फार तर गिअरची भाड्याची सायकल घेऊन, ही घळई चार दिवसांत पश्चिमेकडून पूर्वेकडे पार करावी. दिशा महत्त्वाची, कारण उन्हाळ्यात आतला प्रदेश तापतो आणि समुद्राकडची हवा घळईतून खेचली जाते. हूड रिव्हरला शीडफळ्यांवर उडणारे लोक याच वाऱ्यासाठी येतात. उलट दिशेने निघालेल्याचा सपाटीवरही घाट होतो. अवघड जागा त्यांनी लपवलेल्या नाहीत : धबधब्यांच्या पट्ट्यात रस्ता अरुंद आहे, सायकलला वेगळी कड नाही आणि रविवारी भाड्याच्या गाड्यांचे चालक रस्त्याकडे सोडून धबधब्याकडे बघत असतात. मे महिन्यातला मंगळवार-बुधवार, सकाळी आठच्या आत, हा त्यांचा सल्ला मी डोळे झाकून मान्य करतो. प्रत्येक धबधब्यापाशी थांबावे हा त्यांचा आग्रह मात्र मला जड जातो. लाटूरेल, वाकीना आणि हॉर्सटेल नीट पाहावेत, बाकीच्यांना चालत्या सायकलवरून रामराम करावा.

एका बाबतीत पुस्तक मला मवाळ वाटले. द डॅल्सच्या पुढे सेलिलो नावाचा मोठा प्रपात होता. तिथे मूळ रहिवासी हजारो वर्षे फळ्यांच्या माचांवर उभे राहून जाळ्याने सामन मासा धरत. १० मार्च १९५७ रोजी नव्या धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत तो पाण्याखाली गेला. घळईतल्या धबधब्यांवरच्या पुस्तकात या धबधब्याला दीड पान मिळाले आहे. मुळशीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ते अपुरे वाटेल. पुढच्या आवृत्तीत त्यांनी यावर लिहावे.

आणि एक विनंती माझ्या जुन्या खात्यातल्या मित्रांना आणि सायकलवाल्या वाचकांना मिळून. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडीला बोगदे झाले. आणखीही घाटांना बोगदे आणि वळणरस्ते होत आहेत, आणि दर वेळी मागे एक जुना घाट उरतो : झाडी, ओहोळ, पावसाळ्यात दगडावरून सुटणारे पाणी, आणि वाहतूक नसलेला रस्ता. ताम्हिणीत आषाढातल्या रविवारी गाड्यांच्या रांगेत अडकलेल्यांना याचे मोल समजावून सांगायला नको. असा जुना घाट कागदोपत्री रद्द झाला की त्याच्या मोऱ्या कुणी साफ करत नाही, आणि मोरी तुंबली की दोन पावसाळ्यांत रस्ता जातो. खात्यातल्यांनी मोऱ्यांसाठी वर्षाला थोडी तरतूद ठेवावी. वाचकांनी तिथे सायकली न्याव्यात, म्हणजे ती तरतूद मागायला कुणीतरी असेल.